वीरगळ कसा पाहावा : कलास्वादाचा एक पाठ

बेंगळुरू शहराच्या पूर्व भागात, जुन्या विमानतळावरून व्हाइटफील्डकडे जाणारा रस्ता जेथे बाह्य वर्तुळाकार मार्गाला छेदतो, तेथे मारतहळ्ळी ही दाट वस्ती आहे. नावातील ‘हळ्ळी’ या कन्नड शब्दाचा अर्थ गाव असा आहे. आज तेथे पूल, कापडाची दुकाने, उंच सदनिका आणि संगणक-व्यवसायातील कचेऱ्यांकडे निघालेल्या वाहनांच्या रांगा एवढेच प्रथम नजरेत भरते. नोकरीनिमित्त आलेली अनेक मराठी कुटुंबेही या परिसरात राहतात. येथे कधीकाळी गाव होते ही गोष्ट केवळ नावापुरतीच उरली आहे, असे नव्या रहिवाशाला वाटले तर त्यात नवल नाही.

परंतु बेंगळुरू हे शहर अशाच अनेक गावांना पोटात घेऊन वाढले आहे. या गावांना तळी होती, देवळे होती, आणि देवळाच्या आवारात, तळ्याच्या बांधावर किंवा शिवेवर कोरीव शिळा उभ्या होत्या. बी. एल. राइस यांनी 1905 साली प्रसिद्ध केलेल्या ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या नवव्या खंडात या जिल्ह्यातील शिलालेखांची नोंद आहे. त्यांपैकी कित्येक लेख वीरगळांवर कोरलेले आहेत. त्या वेळी नोंदलेल्या शिळांपैकी पुष्कळशा आज जागेवर आढळत नाहीत. रस्ते रुंद झाले, घरे उठली, दगड पायात गेले. उलट, 2018 साली हेब्बाळ येथे खोदकाम चालू असता एक वीरगळ उजेडात आला. गंग राजा श्रीपुरुष याच्या काळातील, म्हणजे इसवी सन 750 च्या सुमाराचा तो असून कित्तय्या नावाच्या वीराचे ते स्मारक आहे. जे शेकडो वर्षे टिकले, ते एका पिढीच्या दुर्लक्षाने जाऊ शकते. आणि जे गेले असे वाटते, ते एखाद्या जागरूक डोळ्याला पुन्हा सापडू शकते. म्हणून पाहण्याची सवय हा केवळ फावल्या वेळातील विरंगुळा मानता येणार नाही.

प्रस्तुत पाठात वीरगळ हे एकच उदाहरण घेऊन, कलाकृती पाहावी कशी, तिच्याविषयी विचार कसा करावा आणि स्वतःच्या हातांनी लहान लहान प्रयोग करून तिची रचना कशी समजून घ्यावी, याचा विचार केला आहे. या प्रयोगांना चित्रकलेचे पूर्वशिक्षण लागत नाही. लागते ते थोडे धैर्य, आणि ‘मला कलेतले काही कळत नाही’ हे वाक्य काही काळ बाजूला ठेवण्याची तयारी.

वीरगळच का?

मराठी वाचकाला वीरगळ अनोळखी नाही. महाराष्ट्रातील असंख्य गावांत मारुतीच्या देवळापाशी किंवा वेशीजवळ तो उभा असतो. कोठे त्याला शेंदूर लावलेला असतो, कोठे तो पायरी म्हणून बसवलेला असतो, तर कोठे त्यावर कपडे धुतले जातात. ‘वीरगळ’ हा शब्दच मुळी कन्नडमधून आलेला आहे. ‘कल्लु’ म्हणजे दगड. वीराचा दगड तो वीरगल्लु, आणि मराठीत वीरगळ. भाषांच्या सीमा ओलांडून हा शब्द जसा आला, तशीच ती शिल्पपरंपराही दोन्ही प्रदेशांत नांदली. तेव्हा मारतहळ्ळीत राहणाऱ्या मराठी माणसाने बेंगळुरूतील वीरगळ पाहणे म्हणजे शेजारच्या घरात आपल्याच घरातील भांडे ओळखण्यासारखे आहे.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे. वीरगळाचे शिल्प हे उत्थितशिल्प असते. म्हणजे आकृती पाठीमागच्या दगडापासून सुटी झालेली नसते. ती पृष्ठभागातून थोडी वर उठलेली असते. चित्र आणि पूर्ण मूर्ती यांच्या मधला हा प्रकार आहे. त्यामुळे रेषा, उठाव, छाया, मांडणी आणि कथन या पाचही गोष्टी एकाच वस्तूत अभ्यासता येतात.

आधी डोळा, मग पाटी

बेंगळुरूच्या कस्तुरबा मार्गावर 1865 साली स्थापन झालेले सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. मारतहळ्ळीहून पश्चिमेस शहराच्या मध्यभागी गेले की कब्बन उद्यानाच्या कडेला त्याची तांबडी इमारत लागते. मंड्या जिल्ह्यातील आतकूर या गावी मिळालेली एक प्रसिद्ध शिळा या संग्रहालयात जतन केलेली आहे. तिच्यावर कन्नड लेख असून एक लहानसे शिल्प आहे : एक कुत्रा आणि एक रानडुक्कर परस्परांना भिडले आहेत.

संग्रहालयात शिरणारा बहुतेक प्रेक्षक प्रथम पाटी वाचतो, मग वस्तूवर नजर टाकतो आणि पुढे सरकतो. पाटीवर शतक व राजवंश यांची नावे वाचली की वस्तू समजली, असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात त्याने वस्तू पाहिलेलीच नसते. तिच्याविषयीची माहिती तेवढी घेतलेली असते. कलास्वादाच्या अभ्यासात हा क्रम उलटा करावा लागतो.

प्रयोग पहिला : दोन रकाने

शिळेपुढे, किंवा प्रत्यक्ष जाणे शक्य नसल्यास तिच्या चांगल्या छायाचित्रापुढे, दहा मिनिटे शांत बसावे. कागदाचे दोन भाग करावेत. डाव्या बाजूस ‘काय दिसते’ आणि उजव्या बाजूस ‘काय वाटते’ असे लिहावे. डाव्या रकान्यात ज्याकडे बोट दाखवता येईल अशीच गोष्ट लिहावयाची : किती पाय दिसतात, तोंडे कोणत्या दिशेला आहेत, कोणाचे शरीर कोणाच्या पुढे येते, रिकामी जागा कोठे सोडली आहे. ‘कुत्रा शूर आहे’ हे वाक्य उजवीकडे जाईल. ‘कुत्र्याचे शरीर डुकराला भिडले आहे’ हे डावीकडे.

प्रथम दोन मिनिटांत डावा रकाना संपल्यासारखा वाटतो. खरी कसोटी त्यानंतर लागते. चौथ्या-पाचव्या मिनिटाला नजर पुन्हा फिरू लागते आणि आधी न दिसलेल्या गोष्टी दिसू लागतात. दहा मिनिटे संपल्यावर उजव्या रकान्यातील प्रत्येक वाक्याला डाव्या रकान्यातील एखादा आधार सापडतो का, ते पाहावे. आधार सापडला तर ती भावना शिल्पाने निर्माण केली. सापडला नाही तर ती प्रेक्षकाने बरोबर आणली होती. दोन्हींना स्थान आहे, पण त्यांतील भेद कळला पाहिजे. हा भेद ओळखणे ही कलास्वादाची पहिली पायरी होय.

घरात हा प्रयोग दोघांनी मिळून करणे अधिक उपयुक्त ठरते. आजी आणि नातू एकाच चित्रापुढे बसून वेगवेगळे रकाने भरतात आणि मग ते ताडून पाहतात, तेव्हा दोघांनाही कळते की एकच वस्तू दोन डोळ्यांना सारखी दिसत नाही. पुष्कळदा लहान मुलाचा डावा रकाना अधिक भरलेला असतो, कारण काय पाहिले पाहिजे हे त्याला अजून कोणी शिकवलेले नसते.

प्रयोग दुसरा : नाणे आणि विजेरी

उत्थितशिल्पाचा प्राण प्रकाशात असतो. हे समजण्यासाठी एक रुपयाचे नाणे आणि एक विजेरी पुरेशी आहे. खोलीत अंधार करावा. प्रथम विजेरी नाण्याच्या बरोबर वर धरावी. नाण्यावरील आकृती सपाट व पुसट दिसेल. आता विजेरी हळूहळू खाली आणून टेबलाच्या पृष्ठभागालगत आडवी धरावी. प्रत्येक कडेची सावली पडू लागेल आणि केसाएवढ्या उंचीचा उठावही स्पष्ट होईल. विजेरी नाण्याभोवती फिरवली तर कधी एक रेषा उजळेल, कधी दुसरी.

नाणे तेच, आकृती तीच. पण प्रकाशाची दिशा बदलताच वस्तू बदलल्यासारखी भासते. उघड्यावर उभा असलेला वीरगळ मध्यान्ही पाहिला तर तो निस्तेज दगड वाटतो, आणि सकाळी किंवा सायंकाळी तिरप्या उन्हात त्यावरचे घोडे, ढाली व अक्षरे जागी होतात, ती याच कारणाने. झिजलेले लेख वाचणारे अभ्यासकही तिरप्या प्रकाशाचा आश्रय घेतात. 1909 साली स्थापन झालेल्या बेंगळुरूच्या मिथिक सोसायटीने अलीकडच्या वर्षांत शहर व परिसरातील शिलालेखांच्या त्रिमितीय प्रतिमा तयार करण्याचे काम हाती घेतले आहे. अशा प्रतिमेवर संगणकाच्या साहाय्याने हव्या त्या बाजूने प्रकाश टाकून पुसट अक्षर वाचता येते. तत्त्व नाण्याच्या प्रयोगातलेच आहे.

याच नाण्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली तर आकृती कागदावर उमटते. मुले हा खेळ नेहमी खेळतात. शिलालेखांचे ठसे घेताना ओला कागद दगडावर ठोकून बसवतात आणि वर शाई लावतात. तेव्हा खोलगट अक्षरे पांढरी राहतात. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा खेळ नाण्यापुरताच ठेवावा. खऱ्या शिळेवर पेन्सिल, खडू किंवा रंग घासू नये, अक्षरांत खडू भरू नये. जुना दगड कडेने भुगा होत असतो, आणि हौशी हाताने झालेली झीज परत भरून येत नाही.

प्रयोग तिसरा : शाडूची फळी

पाहण्याने जे कळत नाही, ते पुष्कळदा करण्याने कळते. गणपतीसाठी वापरतात तसली शाडूची माती घेऊन तिची साधारण वीतभर लांब व दोन बोटे जाड अशी फळी थापावी. तीवर दोन प्राणी झुंजत आहेत असे शिल्प करावयाचे आहे. अट एवढीच, की उठाव एका बोटाच्या जाडीपेक्षा अधिक असू नये. साधने म्हणून बांबूची काडी, जुना चमचा आणि ओले फडके पुरे.

काम सुरू करताच अडचणी उभ्या राहतात. एका प्राण्याचे अंग दुसऱ्याच्या पुढे दाखवावयाचे, तर मागच्याला किती खाली दाबावे? पलीकडच्या बाजूचे पाय दाखवावेत की नाही? तोंड समोरून दाखवले तर नाक-जबडा एवढ्याशा जाडीत बसत नाही. बाजूने दाखवले तर ते सहज ओळखू येते. पाच-सहा प्रयत्नांनंतर हात आपोआप प्राण्याला बाजूने दाखवू लागतो आणि कडेची रेषा अधिक खोल कापू लागतो.

ही फळी वाळत ठेवून पुन्हा वीरगळाकडे पाहावे. प्राणी आणि योद्धे बहुधा बाजूने का कोरलेले असतात, याचे उत्तर आता पुस्तकात शोधावे लागत नाही. ‘प्राचीन कारागिरांना समोरचा चेहरा काढता येत नसावा’ असा उतावीळ निष्कर्षही आता काढवत नाही. कठीण दगड, मोजका उठाव आणि दुरून ओळखू येण्याची गरज या बंधनांत त्यांनी निवड केली होती. प्रत्येक कलाकृती ही अशा निवडींची मालिका असते, आणि त्या निवडी ओळखता येणे हेच आस्वादाचे मर्म होय.

याच संदर्भात सरकारी संग्रहालयाला लागून असलेल्या व्यंकटप्पा कलादालनाचा उल्लेख करणे उचित ठरेल. के. व्यंकटप्पा (1886–1965) यांनी कलकत्त्यास अवनींद्रनाथ ठाकूर यांच्यापाशी शिक्षण घेतले. जलरंगातील निसर्गचित्रांसाठी ते विशेष प्रसिद्ध आहेत, पण त्यांनी प्लास्टरमध्ये उत्थितशिल्पेही घडवली. दगडाऐवजी मऊ प्लास्टर हाती आले की उठाव किती नाजूक होऊ शकतो, हे शाडूची फळी करून आलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्याला लवकर जाणवेल.

प्रयोग चौथा : कोणता क्षण?

पुढचा प्रयोग कल्पनेचा आहे. महाराष्ट्रातील व कर्नाटकातील पुष्कळसे वीरगळ चौकटींत विभागलेले असतात आणि ते खालून वर वाचावयाचे असतात. सर्वांत खाली लढाई किंवा धारातीर्थी पडलेला वीर. त्याच्या वर त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा. सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर. आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत कीर्ती राहो, असा त्यांचा आशय. मुंबईच्या बोरिवलीजवळील एक्सर येथील वीरगळांवर तर चौकटींत नौकायुद्ध कोरलेले आहे. तेथे वल्ह्यांची ओळ एकसारखी पुन्हा पुन्हा येते आणि त्या पुनरावृत्तीतूनच आरमाराचा वेग व संख्या यांचा भास होतो.

आता कागदाच्या तीन पट्ट्या घ्याव्यात आणि आपल्या ओळखीच्या, पण युद्धाशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीचा वीरगळ आखावा. ती गल्ली झाडणारी बाई असेल, शाळेतील शिक्षक असेल किंवा घरातील आजोबा असतील. खालच्या पट्टीत कोणता प्रसंग घ्यावा? वर काय ठेवावे? चंद्र-सूर्याच्या जागी काय यावे? एका आयुष्यातून तीनच क्षण निवडावे लागतात तेव्हा काय गाळावे हे ठरवणे सर्वांत अवघड असते, असा अनुभव येईल.

हा अनुभव घेऊन आतकूरच्या शिळेकडे परत यावे. तेथे तीन चौकटींची कथा नाही. एकच क्षण आहे. शिल्पकाराला सुटलेला कुत्रा दाखवता आला असता, किंवा मरून पडलेले दोन्ही प्राणी दाखवता आले असते. त्याने झुंज निवडली, म्हणजे निकाल लागण्यापूर्वीचा क्षण निवडला. दुसरा क्षण निवडला असता तर शिळेचा अर्थ कसा बदलला असता, हे प्रत्येकाने रेखाटून पाहावे.

आता लेख वाचावा

इतके झाल्यावर शिळेवरील लेखाचा आशय जाणून घेण्यास हरकत नाही. तोपर्यंत बहुतेकांच्या उजव्या रकान्यात ‘शिकारीचे दृश्य’ असे लिहिलेले असते. लेख वेगळीच हकीकत सांगतो.

राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि चोल यांच्यात तक्कोलम येथे युद्ध झाले. वेरूळचे कैलास लेणे ज्या घराण्यातील पहिल्या कृष्णाच्या नावाशी जोडले जाते, तेच हे घराणे. या युद्धात गंग राजा दुसरा बूतुग हा कृष्णाच्या बाजूने लढला आणि चोल राजपुत्र राजादित्य मारला गेला. बूतुगाचा मणलेर नावाचा एक सेवक तेथे पराक्रमाने लढला. प्रसन्न होऊन बूतुगाने त्याला हवे ते मागण्यास सांगितले. मणलेराने गाव किंवा सोने न मागता राजाचा ‘काळी’ नावाचा कुत्रा मागितला. पुढे बेळतूर गावाच्या डोंगराजवळ हा कुत्रा एका मोठ्या रानडुकरावर सोडण्यात आला, आणि झुंजीत दोघेही मेले. त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ आतकूरच्या देवळापुढे ही शिळा उभारली गेली आणि तिच्यासाठी जमीन लावून दिली. तेथील गोरवाने, म्हणजे शैव पुजाऱ्याने, शिळेची पूजा केल्यावाचून जेवू नये, असेही लेखात बजावले आहे. गोरव हा शब्द ऐकून मराठी वाचकाला गुरवाची आठवण होईल. लेखाचा काळ शके 872, म्हणजे इसवी सन 949–50 हा आहे.

हे वाचून पुन्हा शिल्पाकडे पाहावे. दगडावर काहीही बदललेले नाही, तरी आता ते शिकारीचे दृश्य राहत नाही. ज्या युद्धात एक राजपुत्र पडला, त्या युद्धाचे शब्द दगडावर आहेत. पण आकृती मिळाली आहे ती कुत्र्याला. शब्द राजांचे आणि शिल्प एका मुक्या प्राण्याचे, ही मांडणी कोणी तरी जाणूनबुजून केलेली आहे. ज्याने शिल्प आधी नीट पाहिले, त्यालाच ही विसंगती जाणवेल आणि ती हृद्यही वाटेल. ज्याने आधी पाटी वाचली, तो ‘कुत्र्याचा वीरगळ’ असे म्हणून पुढे जाईल.

यावरून एक क्रम हाती लागतो : प्रथम डोळा, मग हात, मग कल्पना, मग माहिती, आणि शेवटी पुन्हा डोळा. माहितीला येथे दुय्यम लेखलेले नाही. आतकूरच्या लेखावाचून काळीची कथा कोणालाही कळली नसती. परंतु माहितीला उतरण्यासाठी जागा लागते, आणि ती जागा पाहण्याने तयार होते.

पाहणे आणि जपणे

गावोगावच्या वीरगळांच्या बाबतीत एक विचित्र अनुभव येतो. ज्या शिळेला लोकांनी देव मानून शेंदूर फासला, ती बहुधा जागेवर राहिली. पण शेंदराच्या पुटांखाली तिचे शिल्प दिसेनासे झाले. जिला कोणी देव मानले नाही, तिचे शिल्प उघडे राहिले. पण ती पायरीत किंवा भिंतीत गेली. श्रद्धेने दगड राखला आणि शिल्प झाकले. अनास्थेने शिल्प उघडे ठेवले आणि दगड घालवला. रसिकाची दृष्टी या दोहोंपेक्षा वेगळी असते. ती दगडाला जागेवर ठेवू पाहते आणि त्यावरील आकृतीही डोळ्यांसमोर ठेवू पाहते.

यासाठी प्रत्येकाने संशोधक होण्याची आवश्यकता नाही. मारतहळ्ळीच्या रहिवाशाने किंवा सातारा, कोल्हापूर, बेळगाव भागातील गावकऱ्याने एवढेच करावे : आपल्या वाटेवरील जुने देऊळ, तळ्याचा बांध, वडाचा पार यांच्याजवळ सायंकाळच्या तिरप्या उन्हात थोडे थांबावे. कोरीव दगड आढळल्यास त्याला न हलवता, न घासता, दहा मिनिटे पाहावे. दोन रकाने भरावेत. एक साधे रेखाटन करावे. जागा व दिशा टिपून ठेवावी. दगड धोक्यात दिसला तर ग्रामपंचायतीला किंवा पुरातत्त्व खात्याला ते रेखाटन दाखवावे. रेखाटन कितीही ओबडधोबड असले तरी चालेल. ते काढताना ज्याने घोड्याचे पाय मोजले आणि ढालीची कड बोटाने हवेत गिरवली, त्याला तो दगड पुन्हा केवळ दगड म्हणून ओलांडून जाता येणार नाही.